दोन नोव्हेनांचं वर्ष : खानदेशातल्या एका धर्मग्रामाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

तापीच्या खोऱ्यातल्या रेल्वेच्या एका गावातलं हे कॅथलिक चर्च. गावाचं आणि चर्चचं नाव मी दिलेलं नाही, आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. ज्यांच्याविषयी लिहिलं आहे त्यांच्यापैकी चौघांनी हा मजकूर आधी वाचला आणि दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या. त्या मी मान्य केल्या. घडलं त्या काळात मी धर्मग्राम (म्हणजे एका चर्चखालचा भक्तसमाज) सल्लागार मंडळाचा सचिव होतो, त्यामुळे हे तटस्थ माणसाचं टिपण नाही.

१८६०च्या दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे खानदेशात आली आणि तिच्यामागोमाग ख्रिस्ती कुटुंबं आली. गोव्याचे, मंगलोरचे, काही अँग्लो-इंडियन. ड्रायव्हर, गार्ड, क्लार्क, नर्स. त्यांच्यानंतर तमिळ कुटुंबं आली. ती लोको शेडमध्ये आणि वर्कशॉपमध्ये लागली. नगर आणि जालन्याकडची मराठी कुटुंबं सर्वांत शेवटी आली. कोणी ऑर्डनन्स फॅक्टरीत, कोणी नगरपालिकेत, कोणी यावल-रावेरच्या केळीच्या बागांत मजुरीला. चौथा गट सिस्टर्सच्या वसतिगृहातल्या मुलींचा. त्या सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल घरांतल्या. त्यांना कोणी गट समजत नव्हतं, कारण त्या भांडत नव्हत्या.

एकूण दोनशेच्या आसपास घरं. रविवारी सकाळी सातला मराठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), साडेआठला इंग्रजी, आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी तमिळ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, त्याआधी सगळ्यांची मिस्सा लॅटिनमध्ये एकच होती. एक म्हातारे रेल्वेवाले अंकल मला म्हणायचे, "तेव्हा कोणालाच कळत नव्हतं, म्हणून कोणी भांडत नव्हतं." मला ते पटत नाही. तेव्हाही पुढच्या बाकांवर कोण बसतं आणि मागे दाराशी उभं कोण राहतं, हे ठरलेलंच होतं. लॅटिनमुळे ते झाकलं जायचं.

समस्या

८ सप्टेंबर हा पवित्र मारियेचा जन्मदिन. आमच्याकडे तिन्ही गटांना तो आपलाच सण वाटतो, आणि तिघांचंही बरोबर आहे. नगरकडच्या माणसासाठी ते हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेचे दिवस. तमिळ घरांत तो वेलांकनीचा सण. तिकडे २९ ऑगस्टला ध्वज चढतो आणि नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे सणाआधीची रोजची प्रार्थना, चालते. मंगलोरकडच्यांसाठी ती मोंती फेस्त. नऊ दिवस मुली बाळ मारियेपुढे फुलं वाहतात आणि सणाला नव्या भाताची कणसं आशीर्वादित होतात. म्हणजे आमचं भांडण एकाच आईच्या एकाच वाढदिवसावरून होतं.

मिरवणुकीतली मूर्ती तमिळ कुटुंबांनी वेलांकनीहून आणलेली. मिरवणुकीचा खर्च इंग्रजी मिस्सेतली मंडळी वर्षानुवर्षं करत आलेली. मराठी घरांची संख्या वाढत गेली तशी तिथल्या पोरांनी मागणी केली की हरेगावसारखी पालखी काढू, ढोल-लेझीम लावू. मंडळाने "पुढच्या वर्षी बघू" असं तीन वर्षं म्हटलं. ते तीनही ठराव माझ्याच अक्षरात आहेत.

चौथ्या वर्षी सणाच्या दोन महिने आधी गावात दोन पावतीपुस्तकं फिरू लागली. सणाच्या संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता. फाटकाशी एका बाजूला ब्रास बँड, दुसऱ्या बाजूला ढोल. मूर्ती उचलायला मराठी घरांच्या वस्तीतला एक विशीतला मुलगा पुढे झाला, तेव्हा आयोजकांपैकी एकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "तुझं नाव यादीत नाही." आवाज चढलेला नव्हता. पण मुलाचे वडील शेजारी उभे होते, आणि त्यांनी ऐकलं. मारामारी झाली नाही. वस्तीतली माणसं मिरवणुकीतून निघून गेली, एवढंच.

पुढच्या वर्षी दोन नोव्हेना झाल्या. एक चर्चमध्ये, एक वस्तीत पत्र्याच्या मांडवात. दोन्हीकडे तीच जपमाळ, तीच "नमो मारिया", आणि दोन्हीकडे गर्दी. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, श्रद्धा वाढली.

तो मे महिना

खरं तडकलं ते सणाच्या वेळी नव्हे, त्यानंतरच्या मे महिन्यात. तीस वर्षं चर्चची घंटा वाजवणारे, वेदीवरची कापडं धुऊन इस्त्री करणारे, प्रत्येक गटाच्या लग्नात खुर्च्या लावणारे आमचे सॅक्रिस्टन बाबा वारले. दुपारी चारची अंत्ययात्रा, पारा ४५च्या आसपास. इंग्रजी क्वायरला (गाणाऱ्या मंडळींना) निरोप गेला होता की मराठी क्वायर गाणार आहे. मराठी क्वायरला कोणी निरोपच दिला नव्हता; वस्तीने गृहीत धरलं की चर्चची मंडळी बघून घेतील. बाजाच्या पेटीवर कोणी नाही, गाणारं कोणी नाही. फादरांनी एकट्याने गीत सुरू केलं. दुसरी ओळ त्यांना येईना.

मग मागच्या बाकावरून वसतिगृहातल्या मुलींनी ते उचललं. त्यांना बाबा रोज फाटक उघडून द्यायचे.

त्या रात्री बाबांच्या विधवा पत्नीने मला एकच वाक्य सांगितलं, अहिराणीत : "आमले कोन इचारस?" बाबांचं माहेरघर म्हणावं तर हे चर्च, आणि त्यांच्या बाईला तिथे आपल्याला विचारणारं कोणी नाही असं वाटावं. मला झोप आली नाही. मंडळाची तातडीची बैठक मी त्याच आठवड्यात मागितली.

मुळाशी काय होतं

बैठकीआधी मी जुन्या वह्या काढल्या, आणि त्यातून जे दिसलं ते भाषेच्या भांडणापेक्षा साधं आणि जास्त टोचणारं होतं.

मंडळावरच्या जागा वार्षिक वर्गणी भरणाऱ्या कुटुंबांच्या यादीवरून ठरत होत्या. हातावर पोट असलेली घरं वर्गणी चुकवायची, म्हणून यादीत नाहीत, म्हणून मंडळावर नाहीत, म्हणून मिरवणुकीच्या यादीतही नाहीत. "तुझं नाव यादीत नाही" हे त्या संध्याकाळचं वाक्य अपमान करायला बोललेलं नव्हतं. ते शब्दशः खरं होतं. शिवाय काही घरं आपलं नाव ख्रिस्ती म्हणून कुठल्याही कागदावर लिहायलाच कचरतात. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना मिळाला, पुढे शीख आणि बौद्धांनाही. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो मिळत नाही. पोराच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न असेल तर बाप चर्चच्या यादीपासूनही चार हात लांब राहतो. आम्ही मात्र त्याला "सहभाग कमी" म्हणत होतो.

दुसरी गोष्ट, बैठकीचं इतिवृत्त इंग्रजीत लिहिलं जायचं. माझ्याआधीचे सचिव तसं लिहायचे, मीही लिहीत राहिलो. मी मराठी शाळेतला शिक्षक. माझ्याच वस्तीतल्या माणसांना वाचता येणार नाही अशा भाषेत मी त्यांच्याविषयीचे निर्णय लिहीत होतो.

तिसरी गोष्ट हॉलची किल्ली. ती दोन घरांत असायची, दोन्ही घरं रेल्वे कॉलनीतली.

आणि चौथी गोष्ट बैठकीत कोणी उच्चारली नाही, म्हणून मीच उच्चारली : जात. "ते नंतर आलेले", "त्यांना शिस्त नाही" या बोलण्यामागे काय असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं, ते चर्चच्या आतही भेदभाव आहे हे मान्य करूनच. आमच्या मंडळात मी ते बोललो तेव्हा मात्र खोली गार पडली. एका बाईंनी मला बाहेर गाठून विचारलं, "सर, तुम्हाला मी तशी वाटते का?" त्या तशा नाहीत. पण त्यांच्या घरी किल्ली होती.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय बिशपांकडे जाण्याचा. आमचा भाग नाशिक धर्मप्रांतात येतो. १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून तो वेगळा झाला. तिथून पत्र आलं असतं, दोन्ही बाजूंनी वाचलं असतं, आणि प्रत्येकाने त्यात आपला विजय किंवा पराभव शोधला असता. फादरांनी हा मार्ग शेवटचा म्हणून राखून ठेवला.

दुसरा पर्याय वस्तीसाठी वेगळं प्रार्थनास्थळ उभारण्याचा. याला दोन्ही बाजूंनी पाठिंबा होता, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटली. कॉलनीला शांतता हवी होती, वस्तीला मान. पत्र्याच्या मांडवाच्या जागी विटांची भिंत उभी राहिली असती तर दोन्ही गोष्टी मिळाल्या असत्या, पण मग आम्ही मिस्सेत "एकच, पवित्र, कॅथलिक" म्हणतो ते कोणत्या तोंडाने म्हटलं असतं? तरीही सांगतो, त्या बैठकीत मतदान झालं असतं तर हाच पर्याय जिंकला असता.

तिसरा, एक वर्ष सणच न करण्याचा. तमिळ गटातले ज्येष्ठ अण्णा यावर उभे राहिले. हिंदी-मराठी मिसळून म्हणाले, "आईचा वाढदिवस मुलांच्या भांडणासाठी बंद करणार? मग आई कोणाची?" विषय तिथेच संपला.

चौथा, सगळ्या मिस्सा एकत्र करण्याचा. फादरांना हा आवडला आणि त्यांनी तो लगेच अमलात आणला. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाच्या, रविवारी त्रैभाषिक मिस्सा ठेवली. पहिलं वाचन इंग्रजीत, दुसरं तमिळमध्ये, शुभवर्तमान मराठीत, प्रवचन तिन्हीत. पावणेदोन तास. पंखे अपुरे. प्रत्येक गट दुसऱ्याची भाषा संपायची वाट बघत बसला. शांतीचं चिन्ह द्यायच्या वेळी माणसांनी आपल्याच बाकावरच्यांना नमस्कार केला. बाहेर पडताना वस्तीतला एकजण म्हणाला, "आता तर आपली सातची मिस्सापण गेली भो." एकत्र आणण्याच्या नावाखाली आम्ही प्रत्येकाकडचं थोडं काढून घेतलं होतं. फादरांनी पुढच्याच रविवारी वेळापत्रक पूर्ववत केलं आणि वेदीवरून सांगितलं, "मी घाई केली." त्या तीन शब्दांनी पुढचं बरंच सोपं झालं असं माझं मत आहे.

पाचवा पर्याय उरला : आधी ऐकायचं, मग यादी, हिशेब, किल्ली यांना हात घालायचा, आणि सणाला सर्वांत शेवटी.

काय केलं

इथे एक नियम उपयोगी पडला. १९८३च्या कॅनन लॉच्या (चर्चच्या कायद्याच्या) संहितेत कलम ५३६ प्रमाणे धर्मग्राम सल्लागार मंडळाचं मत सल्ल्यापुरतं असतं, अध्यक्ष धर्मगुरूच. कलम ५३७ प्रमाणे अर्थसमिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे. आमच्याकडे अर्थसमिती कागदावर होती, सणाचा हिशेब तिच्याकडे कधी येतच नव्हता. तो दोन खासगी पावतीपुस्तकांत राहायचा. फादरांनी मंडळाच्या बहुमताची वाट न बघता सणाचा सगळा पैसा अर्थसमितीखाली आणला. काही लोक दुखावले. पण याला मतदानाचं रूप दिलं असतं तर दोन पक्ष कायमचे झाले असते.

मग घरभेटी. जोड्या अशा पाडल्या की कॉलनीतला एक आणि वस्तीतला एक, आणि दोघांनी तिसऱ्याच गटाच्या घरी जायचं. सल्ला द्यायचा नाही, उत्तर द्यायचं नाही. विचारायचं एकच : या चर्चमध्ये तुम्हाला परकं कधी वाटलं? पावसाळाभर हे चाललं. माझी जोडी एका निवृत्त गार्डसाहेबांबरोबर होती. पहिल्या तीन घरांत ते गप्प होते. चौथ्या घरी एका तमिळ आजींनी सांगितलं की त्यांच्या मुलाच्या लग्नात हॉलची किल्ली मिळाली नाही, म्हणून जेवणावळ रस्त्यावर मांडव घालून करावी लागली. गार्डसाहेब बाहेर आल्यावर म्हणाले, "किल्ली तेव्हा माझ्याकडे होती. मला आठवतही नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी ती फादरांच्या टेबलावर आणून ठेवली. तोपर्यंत त्यांना कोणी मागितली नव्हती.

सामूहिक बैठकांसाठी आम्ही २०२१ ते २०२४ या काळात जगभरच्या चर्चमध्ये चाललेल्या सिनडमधली (सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या विचारविनिमयातली) पद्धत घेतली. वर्तुळात बसायचं, प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचं, मध्ये कोणी तोडायचं नाही. मग थोडा वेळ मौन. दुसऱ्या फेरीत स्वतःचं म्हणणं पुढे न रेटता दुसऱ्याचं काय मनाला लागलं तेवढंच सांगायचं. पहिल्या दोन बैठका अवघडल्या. तिसऱ्या बैठकीत, मूर्तीच्या वेळी त्या मुलाला अडवणारे गृहस्थ दुसऱ्या फेरीत म्हणाले, "त्याचे वडील तिथे उभे होते हे मला आज कळलं."

माफी जाहीर मागावी असा काहींचा आग्रह होता. फादरांनी नकार दिला. वेदीपुढे दान ठेवायला आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं मत्तयच्या पाचव्या अध्यायात आहे. सगळ्यांना गोळा करून जा असं नाही. राखेच्या बुधवारनंतरच्या, म्हणजे उपवासकाळाच्या सुरुवातीच्या, आठवड्यात ते गृहस्थ त्या मुलाच्या घरी गेले. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही, आणि मी विचारलेलं नाही. पुढच्या रविवारी इंग्रजी क्वायरच्या चौघी सॅक्रिस्टन बाबांच्या घरी गेल्या आणि मे महिन्यात राहिलेली गीतं त्यांनी तिथे म्हटली. बाबांच्या बाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या.

नियम बदलले ते असे. मंडळावरच्या जागा वर्गणीवरून नव्हे, वस्तीनिहाय. नाव नोंदवायचं नसेल तर नोंदवू नका, पण वस्तीच्या बैठकीत तुमचं मत मोजलं जाईल. इतिवृत्त मराठीत, आणि मिस्सेनंतर मोठ्याने वाचून दाखवायचं. सणाचा हिशेब फलकावर. आणि एक अंत्यविधी मंडळ, प्रत्येक गटातले दोघे : निरोप कोणी द्यायचा, पेटी कोण वाजवणार, खड्डा खणायला कोण, हे त्यांनी बघायचं. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसाआधी दफनभूमीतलं गवत त्यांनी मिळून काढलं. मला सगळ्यांत जास्त भरवसा या मंडळाचा वाटतो.

मूर्ती कोणी उचलायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. प्रत्येक वस्तीतून एक नाव. आणि कणसांचा प्रश्न बायबलमधल्या मार्थासारखी कामात खपणारी वस्तीतली एक बाई सोडवून गेली. मंगलोरकडची मंडळी दरवर्षी भाताची कणसं बाहेरून मागवायची. ती म्हणाली, "भात इथं पिकत नाही, बाजरी तर दारात उभी आहे." त्या वर्षी वेदीपुढे बाजरीची कणसं, मुगाच्या शेंगा आणि केळीचा एक घड आला.

निष्पत्ती

नोव्हेना एकच झाली. नऊ संध्याकाळी वाटून घेतल्या. ध्वज तमिळ पद्धतीने चढला, पालखी ढोलाने निघाली, बँडही होता. शेवटी वरण-बट्टी. हिशेब दहाव्या दिवशी फलकावर लागला आणि त्यातली एक बेरीज चुकलेली निघाली, ती वस्तीतल्या एका मुलाने दाखवली.

सगळं जुळलं असं मी म्हणणार नाही. कॉलनीतली तीन कुटुंबं मिस्सेला दुसऱ्या गावी जाऊ लागली, ती परत आलेली नाहीत. त्यांच्याकडे मी दोनदा गेलो. वस्तीतले काहीजण अजून म्हणतात की पैसा अर्थसमितीकडे गेला म्हणजे पुन्हा शिकलेल्यांकडेच गेला. रविवारच्या मिस्सा वेगळ्याच आहेत, आणि आता मला त्यात वावगं वाटत नाही. फादरांची बदली पुढेमागे होणारच. म्हणून मंडळाची नवी रचना लेखी करून सही-शिक्क्यानिशी धर्मप्रांताच्या कार्यालयात पाठवली.

वेगळं काय करता आलं असतं

"पुढच्या वर्षी बघू" हा ठराव पहिल्यांदा लिहिला तेव्हाच मी विचारायला हवं होतं : नक्की काय बघायचं, आणि कोणी? तेव्हा ती पालखी एक लहान मागणी होती. तीन वर्षांनी ती मानाची गोष्ट झाली.

त्रैभाषिक मिस्सा सुरुवातीला ठेवायला नको होती. ज्यांनी अजून एकमेकांच्या घरचा चहा घेतलेला नाही त्यांना एका बाकावर बसवून ओढूनताणून गायला लावलं. एक वर्षानंतर, सणाच्या दिवशी, हीच मिस्सा आनंदाने झाली.

जातीविषयी मी बोललो ते बरोबर होतं, पण भर बैठकीत, तयारी न करता. समोरच्याला ऐकायला वेळ मिळाला नाही, बचाव तेवढा सुचला. घरभेटींनंतर तेच बोलणं कितीतरी खोल गेलं. आणि घरभेटींच्या जोड्यांत आम्ही जवळजवळ सगळे पुरुष घेतले. किल्ली, स्वयंपाक, फुलं, आजारपण या सगळ्यांत खरा व्यवहार बायकांचा होता. त्यांना पहिल्या महिन्यात विचारलं असतं तर बाजरीच्या कणसापर्यंत पोचायला वर्ष लागलं नसतं.

सर्वांत मोठी राहिलेली गोष्ट वसतिगृहातल्या मुलींची. बाबांच्या अंत्ययात्रेत गाणं त्यांनी उचललं. घरभेटींची यादी मी केली तेव्हा वसतिगृह हे घर नाही म्हणून ते यादीत आलं नाही. पुन्हा तेच : यादी, आणि तिच्यात नसलेली नावं. त्यांच्यातल्या दोघी पावरीत मारियेचं गीत रचत आहेत असं सिस्टरांनी सांगितलं. त्यांना परकं कधी वाटलं, हे अजून कोणी विचारलेलं नाही. येत्या रविवारी गार्डसाहेब आणि मी तिथे जाणार आहोत.